आडनावांचे शब्द होतात तेव्हा

आपल्या समाजातील आडनावांकडे जरा निरखून पाहिले, तर त्यांतील कित्येक मुळात आडनावे नव्हतीच, ती कामाची नावे होती, हे ध्यानात येते. कोठार सांभाळणारा तो कोठारी, भांडार ज्याच्या स्वाधीन तो भंडारी, नाण्याचा खरेखोटेपणा पारखणारा पारेख, जवाहिराचा व्यापार करणारा झवेरी. संस्कृतात कापडाला 'दूष्य' असा एक शब्द आहे. त्यावरून कापडाचा व्यापारी दोशी झाला. गंधद्रव्ये आणि किराणा विकणारा तो गांधी. पिढ्या उलटल्या, धंदे बदलले, कोठाऱ्यांचा मुलगा डॉक्टर झाला आणि दोशींनी औषधांचे दुकान घातले, तरी जुना शब्द घराण्याला चिकटून राहिला.

शब्दाचे आडनाव होण्याची ही वाट आपल्या पायाखालची आहे. तिच्या उलट दिशेने जाणारीही एक वाट आहे. एखाद्याचे आडनाव त्याच्या घरातून बाहेर पडते, बाजारात फिरते आणि एके दिवशी भाषेत सामान्य शब्द म्हणून रुजते. मग ते उच्चारताना कोणालाही त्या माणसाची आठवण होत नाही. दोन्ही वाटा चाललेले एक आडनाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. महात्माजींनी आत्मचरित्राच्या आरंभीच आपले घराणे पूर्वी किराण्याचा धंदा करीत असावे असे नमूद केले आहे. म्हणजे धंद्याच्या शब्दाचे आडनाव झाले आणि त्या आडनावापासून पुढे 'गांधीवाद', 'गांधी टोपी' आणि २००६ सालच्या एका चित्रपटापासून 'गांधीगिरी' हे शब्द निघाले. गंमत अशी की, ती टोपी स्वतः गांधीजींनी जेमतेम दोन-तीन वर्षे वापरली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी पंचा स्वीकारला आणि त्यानंतर ते बोडकेच राहिले. टोपी मात्र महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर आजही आहे.

व्यापाऱ्याच्या घरात नावाला मोल असते. पेढीच्या पाटीवर आजोबांचे नाव असते आणि त्या नावावर माल उधार मिळतो, हुंडी वटते, सोयरीकही जमते. म्हणून आडनावाचा शब्द झाला म्हणजे त्या नावाच्या पतीचे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकापेक्षा आपल्याला अधिक जवळचा वाटावा. भाषेचीही एक खतावणी असते. पण ती मोठी विचित्र. तीत कमाई एकाची आणि जमा दुसऱ्याच्या खात्यावर, अशा नोंदी जागोजागी आढळतात आणि त्या दुरुस्त करायला कोणी मुनीम बसलेला नसतो.

हार्डवेअरच्या दुकानातली 'जी. आय. पाइप' घ्या. यातील 'जी' म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, आणि हा शब्द आला तो इटलीतील बोलोन्या शहराच्या लुइजी गॅल्व्हानी या शरीरशास्त्रज्ञाच्या आडनावावरून. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याशी या गृहस्थाचा काहीएक संबंध नव्हता. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की तो पाय आखडतो, असे त्याला दिसले. प्राण्याच्या देहातच वीज असते, असा निष्कर्ष काढून त्याने १७९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याचाच देशबांधव आलेस्सांद्रो व्होल्टा याला ते पटले नाही. वीज बेडकात नसून दोन धातूंच्या संयोगात आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते सिद्ध करता करता १८०० मध्ये त्याने पहिली विद्युत्घटमाला तयार केली. गॅल्व्हानी मात्र त्याआधीच, १७९८ मध्ये वारला होता. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे अखेरीस त्याची विद्यापीठातील जागाही गेली होती. पुढे १८३७ मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून ते गंजापासून वाचवण्याचे पेटंट घेतले आणि त्या कृतीला गॅल्व्हानीचे नाव जोडले. माल सोरेलचा, खाते गॅल्व्हानीचे! आज एकाच दुकानात 'गॅल्व्हनाइज' पत्रा आणि 'व्होल्ट' दाखवणारा मीटर शेजारी शेजारी विकला जातो. हयातीत ज्यांचे मत जुळले नाही, त्यांची नावे अशी एका फळीवर आली आहेत.

रस्त्याच्या कंत्राटात असलेल्या मंडळींना 'डब्ल्यूबीएम' हे अक्षरत्रय तोंडपाठ असते. त्यातील शेवटचा 'एम' म्हणजे जॉन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ. एका मापाची बारीक खडी थराथरांनी दाबून बसवली आणि रस्ता मधोमध किंचित उंच ठेवून पाण्याला वाट दिली, तर मोठाल्या दगडांच्या पायाची गरज नाही, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवून दिले. वरच्या थरात सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड खडा चालणार नाही, हा त्याचा दंडक होता. त्याच्या रस्त्यात डांबर नव्हते. ते पुढच्या शतकात आले. मॅकॅडमच्या नोंदीत मात्र काही घोळ नाही. ज्याचे काम त्याचेच नाव, असे हे थोड्या उदाहरणांपैकी एक आहे.

आता ज्याची इच्छा नसताना ज्याचे नाव जगभर झाले, त्या माणसाकडे वळू. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराची जमीन होती आणि तिचा कारभार कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा निवृत्त लष्करी अधिकारी पाहत असे. १८८० साली पीक बेताचे आले. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला. बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावायला घेतल्या. त्याच सप्टेंबरात आयरिश पुढारी पार्नेल यांनी एका सभेत सांगितले होते की, दुसऱ्याला हुसकावून लावलेल्या शेतावर जो जाईल त्याला मारू नका, त्याच्याशी व्यवहार तेवढा तोडा. रस्त्यात, दुकानात, देवळातही त्याला एकटे पाडा.

मेयोच्या लोकांनी हा उपाय कारभाऱ्यावरच केला. शेतावरचे मजूर गेले, घरातील नोकर गेले. लोहाराने नाल ठोकायला, धोबिणीने कपडे धुवायला आणि गावच्या दुकानदारांनी सामान द्यायला नकार दिला. पीक उभे, कापायला माणूस नाही. बॉयकॉटने लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले, तेव्हा उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक कापणीसाठी आले आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक व पोलीस. सुमारे ५०० पौंडांचे पीक घरात आणायला सुमारे १०,००० पौंड खर्च झाले, असा त्या काळचा अंदाज आहे. ज्याला घाऊक-किरकोळ कळते त्याला या सौद्याबद्दल अधिक सांगायला नको. १ डिसेंबर १८८० रोजी बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

शब्द कसा जन्मला याचीही हकिकत आहे. तेथील धर्मोपदेशक फादर ओमॅली आणि रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार जेवणाच्या मेजावर बसले होते. वाळीत टाकण्याला इंग्रजीत असलेला पंडिती शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही, अशी पत्रकाराला चिंता होती. त्यावर फादरनी सुचवले, 'बॉयकॉट करणे' म्हणू या! काही आठवड्यांतच तो वर्तमानपत्रांत आला आणि पाहता पाहता फ्रेंच, जर्मन अशा अनेक भाषांत गेला. आणखी एक तपशील मनाला चटका लावतो. या माणसाच्या बालपणी घराण्याचे आडनाव 'बॉयकॅट' असे लिहिले जात असे. पुढे त्यातले एक अक्षर बदलून घेतले, ते असे जगाच्या स्वाधीन करण्यासाठी!

पंचवीस वर्षांनी हा शब्द हिंदुस्थानात दाखल झाला. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला आणि लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य यांच्या जोडीला बहिष्कार येऊन बसला. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. मराठीला 'बहिष्कार' हा शब्द नवा नव्हता, पण त्याची दिशा निराळी होती. जातीतले वरिष्ठ दुबळ्याला वाळीत टाकीत, तो बहिष्कार. मेयोत धाकट्यांनी थोरल्याला टाकले. विलायती मालाच्या बहिष्काराने मराठी शब्दाला ही दुसरी दिशा दिली, आणि त्याचा पहिला भार कापडाच्या व्यापाऱ्यांच्या गादीवर पडला, कारण मँचेस्टरच्या गाठी त्यांच्याच वखारीत होत्या. जुनी दिशाही संपली नाही. जातपंचायतीने कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकार इतके चालू राहिले की, महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या समाजात सोयरीक, भागीदारी आणि पंगत एकाच सूत्रात ओवलेली असते, त्यात पंगतीतून उठवणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

बॉयकॉट निदान भांडणात एका बाजूला उभा होता. डॉक्टर गिलोटिन यांच्यावर झालेला अन्याय त्याहून मोठा. पॅरिसचे हे डॉक्टर मृत्युदंडाच्याच विरुद्ध होते. तो रद्द होत नसेल, तर गरिबाला हाल हाल करून आणि श्रीमंताला झटकन मारण्याचा भेद तरी जावा, म्हणून त्यांनी १७८९ मध्ये सर्वांना एकाच यंत्राने, कमीत कमी वेदनेने शिक्षा व्हावी असा प्रस्ताव मांडला. यंत्राची आखणी आंत्वान लुई या दुसऱ्या डॉक्टरांची. ते बनवले श्मिट नावाच्या वाद्ये तयार करणाऱ्या जर्मन कारागिराने. प्रारंभी त्याला लुईंच्या नावावरून 'लुइझेत' म्हणतही असत. परंतु टिकले ते गिलोटिनचे नाव. ते स्वतः १८१४ मध्ये नैसर्गिक मरणाने गेले. त्यांचा त्याच यंत्रावर शेवट झाला ही ऐकीव गोष्ट खोटी आहे.

आपल्या वाचकांनी ज्याची कहाणी नीट लक्षात ठेवावी, असे आडनाव म्हणजे पॉन्झी. इटलीहून अमेरिकेत आलेल्या चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बोस्टनला पेढी उघडली. परदेशातून टपालाची उत्तर-कूपने स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत ती चढ्या किमतीच्या तिकिटांत बदलायची, हा त्याचा सांगण्यापुरता धंदा. बोली होती नव्वद दिवसांत ५० टक्के नफ्याची; प्रत्यक्षात तो पंचेचाळीस दिवसांतच पैसे हातावर ठेवी. लोकांनी घरे गहाण टाकून रकमा आणल्या. मग एका अर्थतज्ज्ञ पत्रकाराने साधा हिशेब मांडला. पॉन्झीकडे जमा झालेल्या रकमेसाठी सुमारे १६ कोटी कूपने लागली असती, आणि जगात चलनात होती सुमारे २७ हजार! नव्या ठेवीदाराचा पैसा जुन्याला नफा म्हणून दिला जात होता. ऑगस्टमध्ये पेढी बुडाली, पॉन्झी तुरुंगात गेला आणि १९४९ मध्ये रिओ दि जानेरो येथील धर्मादाय इस्पितळात निष्कांचन अवस्थेत वारला.

मात्र ही युक्ती त्याने शोधली नव्हती. १८९९ मध्ये ब्रुकलिनच्या मिलर नावाच्या माणसाने आठवड्याला १० टक्क्यांचे आमिष दाखवून हेच केले होते. मिलरला भाषा विसरली. आपल्याकडे अशा योजनांना 'दामदुप्पट' म्हणतात, आणि त्या शब्दाची दशाही शोचनीय आहे. हिंदू विधीत दामदुप्पट हा ऋणकोच्या रक्षणाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, असे तो सांगतो, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत. मर्यादा घालणारा शब्द आमिषाचा शब्द झाला! आडनावांइतकेच साध्या शब्दांचेही दिवाळे निघते ते असे.

रोज आपल्या जिभेवर येणारे, पण माणसाचे म्हणून सहसा न ओळखले जाणारे आडनाव आहे डिझेल. रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधील बव्हेरियन कुटुंबातला. त्या काळी वाफेच्या चांगल्या इंजिनातही कोळशातील बरीचशी शक्ती वाया जाई. हवा इतकी दाबायची की ती तापून तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटेल, ही त्यांची कल्पना. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. आउग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षे फसलेल्या चाचण्यांत गेली आणि १८९७ मध्ये इंधनातील सुमारे २६ टक्के शक्ती कामाला लावणारे इंजिन उभे राहिले. वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत ही झेप फार मोठी होती.

डिझेल यांच्या मनात कारखानदार नव्हते. मोठ्या गिरण्यांपुढे हतबल झालेल्या छोट्या कारागिराला परवडेल असे इंजिन मिळावे, ही त्यांची तळमळ होती. सहकारावर त्यांनी १९०३ मध्ये एक पुस्तकही लिहिले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचे एक छोटे इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. तेलाचा धंदा करणाऱ्या आपल्या वाचकांना यात रस वाटेल: शेतकऱ्याने पिकवलेले तेल त्याच्याच इंजिनात जावे, हा विचार जैवइंधनाच्या आजच्या चर्चेआधी शंभर वर्षे मांडला गेला होता.

पैशाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात कच्चा होता. पेटंटाने अमाप संपत्ती आली आणि म्युनिकचा प्रशस्त बंगला, फसलेली गुंतवणूक व कज्जे यांत गेली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवर जेवून ते खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असे सांगून गेले होते. सकाळी बिछाना न मोडलेला आढळला. डेकवर टोपी आणि कोट होता. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक देह सापडला. त्याच्या खिशातील वस्तू मुलाने ओळखल्या. त्यांच्यामागे निघाली ती देणी. त्या रात्री नेमके काय घडले याबद्दल तर्क पुष्कळ झाले, परंतु कर्जाचा आकडा पाहिल्यावर मला तरी फार दूरचा तर्क करण्याचे कारण दिसत नाही.

पुढील पन्नास वर्षांत महाराष्ट्रातील विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत जे इंजिन धडधडू लागले, ते याच जातीचे. छोट्या माणसाच्या हाती इंजिन देण्याचे डिझेल यांचे स्वप्न आपल्या मोटेची जागा घेऊन खरे झाले. आणि नाव? ते इंजिनावरूनही घसरून इंधनावर गेले. पेट्रोल पंपावरील पाटीवर त्यांचे आडनाव रोजच्या भावासह लिहिलेले असते.

याच्या उलट, नाव शब्दात विरघळूनही मालकीचे कसे राहते, ते 'बाटा'त दिसते. तोमाश बाट्या, भाऊ आणि बहीण या तिघांनी १८९४ मध्ये झ्लिन या आजच्या चेक प्रजासत्ताकातील गावी पादत्राणांचा कारखाना काढला. १९२२ च्या मंदीत त्यांनी जोड्यांच्या किमती निम्म्यावर आणल्या आणि गोदामे रिकामी केली. त्यांच्या किमती ९ वर संपत; चेक भाषेत अशा किमतीला आजही त्यांच्याच आडनावावरून बनलेला शब्द आहे. आपल्या बाजारातही ९९ रुपये ९० पैसे अशा आकड्याला 'बाटाची किंमत' म्हणतात, मग दुकानात भांडी असोत की साड्या. कंपनी इथे इतकी मुरली की, बाटा हे भारतीय नाव नव्हे हे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. तरीही पाटीवरचे नाव कंपनीच्या मालकीचे आहे, कारण जोड्याला कोणी सरसकट 'बाटा' म्हणत नाही. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार धंद्याच्या रूढ भाषेचा भाग झालेल्या शब्दाची चिन्ह म्हणून नोंदणी होत नाही. ज्यांच्या पेढीचे नाव आणि घराण्याचे आडनाव एकच आहे, त्यांनी ही सीमारेषा वकिलाकडून समजून घेण्यासारखी आहे.

शेवटी दोन गणिती नावे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी हिंदी अंकांनी आकडेमोड कशी करावी यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या लॅटिन रूपांतरात त्यांच्या नावाचा जो अपभ्रंश झाला, त्यातून 'अल्गोरिदम' निघाला. नावाचा अर्थ ख्वारिज्म प्रांताचा रहिवासी, म्हणजे आपल्या भाषेत 'ख्वारिज्मकर'!

दुसरे नाव आपल्याच मातीतले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. नोकरी देवळालीला शाळामास्तरची. संख्यांचे त्यांना वेड होते. जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेमलो' म्हटले, अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्यांना 'हर्षद'. १९४० च्या दशकात त्यांना जो आकडा गवसला, त्याला जग 'कापरेकर स्थिरांक' म्हणते. परदेशी गणितज्ञांत त्यांचे नाव खऱ्या अर्थाने पसरले ते १९७५ मध्ये एका अमेरिकन मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या सदरामुळे. तेव्हा मास्तर सत्तरीत होते.

पावतीपुस्तकातला कोणताही चार अंकी क्रमांक घ्या. चारही अंक सारखे तेवढे नकोत. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा: ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही पुढे जा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च. क्रमांक कोणताही असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत येथेच पोहोचतो. संगणकाच्या वर्गात मुलांना हा हिशेब स्वाध्याय म्हणून देतात. तो सोडवणारे मूल कापरेकर स्थिरांकासाठी अल्गोरिदम लिहिते, तेव्हा त्याच्या वहीत एक देवळालीचे मास्तर आणि एक ख्वारिज्मकर शेजारी बसलेले असतात.